चार नावांची बोट

पहिला दिवस : उशुआया

धक्क्यावर दोन बोटी लागल्या होत्या. पुढची उंचच उंच, सोसायटीच्या दोन विंगा एकमेकींना चिकटवून पाण्यात सोडाव्यात तशी. तिच्या मागे आमची. बायकोने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि मग माझ्याकडे.

"अहो, ही?"

"हीच."

"मांडव्याला जाणारी लाँच वाटतेय."

एवढीही लहान नाही. शंभर मीटर लांब, सोळा मीटर रुंद, पोटात सव्वाशे-एकशेतीस प्रवासी. पण अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत तीन विमानं बदलून आलेल्या, अंग आंबलेल्या माणसाला हे आकडे सांगण्यात अर्थ नसतो. मी बॅगा उचलल्या.

आधी सांगतो, मी एकतीस वर्षं बोटीवर काढली. इंजिनरूममध्ये. फाइव्ह-ई, म्हणजे सगळ्यात खालचा इंजिनिअर, म्हणून चढलो आणि चीफ इंजिनिअर म्हणून उतरलो. तेवढ्या काळात मालबोटी झाल्या, टँकर झाले, पण तिकीट काढून बोटीवर चढायची ही पहिलीच खेप. पॉलिसी मॅच्युअर झाली, मुलगा म्हणाला आता कुठेतरी जाच, आणि बायको म्हणाली, मला अंटार्क्टिका बघायचंय. मला तेवढी हौस नव्हती. पण माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यात एका बोटीखाली बारीक अक्षरात छापलेलं दिसलं : बांधणी १९७५. मी चष्मा पुसून परत वाचलं. २०१९ साल चालू होतं, म्हणजे बोट ४४ वर्षांची. मालबोट पंचवीस-तिशीत अलंगच्या वाळूवर नाहीतर आमच्या मुंबईच्या दारूखान्यात तोडायला जाते. ही अजून माणसं घेऊन बर्फात हिंडत होती. कशी काय? मी तिकीट काढलं ते या प्रश्नासाठी. बायकोला पेंग्विन, मला ही.

नाव 'ओशन अ‍ॅडव्हेंचरर'. हे तिचं चौथं.

चढल्या चढल्या उंबरठ्याला नडगी आपटली. डेकवर उघडणाऱ्या दाराला फूटभर लोखंडी उंबरठा असतो, लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून. एकतीस वर्षांत हजारो वेळा ओलांडलेला, आणि निवृत्तीच्या सहा वर्षांत पाय विसरला. रिसेप्शनवरची मुलगी "काळजी घ्या सर, जुनी बोट आहे" म्हणाली. तिला काय सांगणार!

संध्याकाळी आणीबाणीच्या सरावाचे सात छोटे भोंगे, एक लांब. लाइफजॅकेट घालून सगळे जमले. मला कोणी सांगायच्या आधीच माझे हात पट्टे आवळत होते. रात्री दहा वाजता लख्ख उजेडात बीगल चॅनेलमधून निघालो. बोटीला वाट दाखवणारा पायलट उतरला तेव्हा बायको गाढ झोपली होती. मी डेकवर एकटाच इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिलो.

आवाज तरुण होता. तिथेच शंका आली.

दुसरा आणि तिसरा दिवस : ड्रेक

हे दोन दिवस एकत्रच लिहितो, कारण बायकोच्या हिशेबी तो एकच लांबलचक दिवस होता. केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाच्या मधला हा ड्रेक पॅसेज. शांत असला तर 'ड्रेक लेक', नसला तर 'ड्रेक शेक'. आम्हाला शेक मिळाला. रात्रीच कोणीतरी केबिनबाहेरच्या पॅसेजमधल्या कठड्यात कागदी पिशव्या खोचून ठेवल्या होत्या, ओळीने, लग्नाच्या पंक्तीत पत्रावळी मांडाव्यात तशा. सकाळी निम्म्या गायब. बायकोने आल्याची वडी तोंडात धरली, डोळे मिटले आणि "माझ्याशी बोलू नका" एवढंच म्हणाली. मी सुकी टोस्ट आणून दिली आणि वर ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात तिथे, गेलो. इथे प्रवाशांना ब्रिजवर जाऊ देतात, बोलायचं मात्र बेताने.

वाचायला वेळच वेळ होता. आधी घरून टिपून आणलेलं, मग लायब्ररीतल्या माणसांकडून काढलेलं, असं करत हिची कुंडली जुळवली.

क्राल्येवित्सा हे एड्रियाटिक समुद्राच्या काठचं गाव. तेव्हा युगोस्लाव्हियात, आता क्रोएशियात. सत्तरच्या दशकात सोव्हिएत संघाने तिथल्या यार्डातून एकाच नकाशाच्या आठ बोटी बांधून घेतल्या. थंड समुद्रासाठी, बर्फाला टक्कर देणाऱ्या जाड पत्र्याच्या. आणि नावं दिली बायकांची. सेनापतींच्या नव्हे, पुढाऱ्यांच्याही नव्हे, नाटक-सिनेमा-गाण्यातल्या बायकांची. मारिया येर्मोलोवा, मारिया साविना, ओल्गा सादोव्स्काया, ओल्गा आंद्रोव्स्काया, क्लावदिया येलान्स्काया, आंतोनिना नेझ्दानोवा, ल्युबोव ओर्लोवा. आणि आमची, आल्ला तारासोवा. ही मॉस्को आर्ट थिएटरची बडी नटी, १९७३ साली गेली, आणि दोन वर्षांत तिच्या नावाची बोट पाण्यात. आपल्याकडे कोणी भाऊच्या धक्क्यावरच्या बोटीला हंसा वाडकरांचं नाव दिलंय का? मला तरी आठवत नाही. आपल्याकडे पाण्याशी नातं सांगणाऱ्या बायका म्हणजे साती आसरा. त्या सात, या आठ.

तारासोवा मुर्मान्स्कच्या सरकारी कंपनीकडे होती. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा तिच्यासारख्या बोटींचं काय करायचं हे कोणालाच कळेना. पत्रा उत्तम, बर्फात चालणाऱ्या, पण प्रवासी कुठे आहेत? प्रवासी अमेरिकेत होते, पैसेवाले, निवृत्त, बर्फ बघायला निघालेले. म्हणून १९९७-९८ मध्ये तिला स्कँडिनेव्हियात नेऊन १ कोटी ३० लाख डॉलर खर्चून आतून पार बदललं. लाकडी पॅनेल, लायब्ररी, गालिचे. बाहेर पडली ती 'क्लिपर अ‍ॅडव्हेंचरर' होऊन, सेंट लुइसच्या एका क्रूझ कंपनीसाठी. ती कंपनी पुढे आधी स्विस मालकाकडे, मग ब्रिटिश मालकाकडे गेली आणि शेवटी तिचं नावच पुसलं गेलं. बोट मात्र राहिली. हे आमच्या धंद्यात नेहमीचं. कंपन्या मरतात, बोटी पुढच्या दाराला लागतात.

हे सगळं वाचताना बोट एकदा अशी कलली की शेल्फमधल्या पुस्तकांची अख्खी ओळ पुढच्या पट्टीवर येऊन थडकली. एकही पडलं नाही. पट्टीची उंची ज्याने ठरवली तो बोटीवर राहिलेला माणूस असणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठं साफसफाई-अभियान. अंटार्क्टिकावर बाहेरचं बी जायला नको, म्हणून जॅकेट, पिशव्या, टोप्या, सगळं व्हॅक्यूमने झाडायचं. वेल्क्रोच्या पट्ट्या तर चिमट्याने साफ करायच्या. बायको तोवर उठून बसली होती. तिच्या पाठीवरच्या पिशवीच्या वेल्क्रोमधून तपासणीला बसलेल्या मुलीने भिंगाखाली चिमट्याने एकेक करून तीळ काढले. एक, दोन, सात, अकरा.

"हे कोणतं बी?"

"लाडवाचं," बायको म्हणाली. मला भाषांतर करावं लागलं. मुलीने ते अकरा तीळ पाकिटात घालून बंद केले, पुरावा असावा तसे. उरलेले लाडू केबिनमध्येच राहिले, आणि परतीच्या ड्रेकमध्ये त्यांनीच तारलं.

चौथा दिवस : बॅरिएंटोस

पहाटे दक्षिण शेटलंड बेटं. समुद्र एकदम गप्प. उतरायची पद्धत अशी : गुलाबी औषधाच्या ट्रेमध्ये बूट बुडवायचे, रबरी झोडिअ‍ॅक बोटीत मनगटाला मनगट पकडून उतरायचं, किनाऱ्यावर पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. पेंग्विनला हा नियम कोणी सांगितलेला नाही. एक चिनस्ट्रॅप, हनुवटीखाली काळी रेघ असलेला, दगड चोचीत धरून थेट बायकोच्या बुटापर्यंत आला, थांबला, दगड ठेवला, पुन्हा उचलला आणि निघून गेला. तिला आयुष्यभर पुरेल एवढं झालं.

वास मात्र फोटोत येत नाही. ससून डॉकला पावसाळ्यात जसा असतो त्याचा थोरला भाऊ.

एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं, असा नियम आहे. पाचशेच्या वर प्रवासी असतील तर त्या बोटीने कोणाला उतरवायचंच नाही, लांबून दाखवायचं. धक्क्यावरच्या त्या दोन विंगांच्या बोटीचं काय झालं असेल, हे बायकोने आपणहून विचारलं. मी काही बोललो नाही. पण जुन्या, लहान बोटी का मोडीत निघत नाहीत याचं अर्धं उत्तर त्या शंभरच्या नियमात आहे. इथे लहानपणालाच भाव.

पाचवा ते सातवा दिवस : द्वीपकल्प

इथे लिहिण्यासारखं सगळ्यात जास्त आणि लिहिता येण्यासारखं सगळ्यात कमी. निको हार्बरला हिमनदीचा एक कडा कोसळला. आधी तो पडताना दिसला, आवाज नंतर आला, आणि मग मार्गदर्शक ओरडले : लाट येतेय, वर व्हा. सगळे वर पळाले, पेंग्विन सोडून. लेमेअर चॅनेलमध्ये दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मधल्या पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. डेकवर ऐंशी माणसं होती आणि कॅमेऱ्यांची टिकटिक सोडली तर आवाज नव्हता. बायको हळूच म्हणाली, "देवळात असल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "हं." मी खाली बर्फाचे तुकडे पत्र्यावर घासताना होणारा आवाज ऐकत होतो. पत्र्याचं छप्पर कुरकुरावं तसा. पत्रा १९७५ चा.

पोर्ट लॉक्रॉयला पोस्ट ऑफिस आहे. १९४४ मध्ये इंग्रजांनी महायुद्धाच्या काळात गुपचूप उभारलेला तळ, आता संग्रहालय. तिथून मुलुंडच्या पत्त्यावर स्वतःलाच कार्ड टाकलं. आमच्यामागून किती आठवड्यांनी पोचेल ते पोस्टाला ठाऊक.

एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कॅनडाचे एक निवृत्त वकील भेटले. मी बोटीबद्दल खोदून खोदून विचारतोय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "हिचा खटला माहीत आहे ना?" खटला मला अर्धामुर्धाच माहीत होता.

२७ ऑगस्ट २०१०. क्लिपर अ‍ॅडव्हेंचरर कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये, कॉरोनेशन आखातात. १२८ प्रवासी, ६९ कर्मचारी. जवळजवळ पूर्ण वेगाने, चौदा नॉटला काटा टेकलेला, आणि बोट पाण्याखालच्या खडकावर चढली. कोणाला इजा नाही. दोन दिवसांनी तटरक्षक दलाचं 'अमुंडसेन' आलं आणि प्रवाशांना कुग्लुकटुकला घेऊन गेलं. बोट सप्टेंबरच्या मध्यापर्यंत खडकावरच. मालकांचं म्हणणं, हा खडक नकाशात नव्हता, सरकारने भरपाई द्यावी. सरकारचं म्हणणं, खडकाची सूचना २००७ मध्येच दिली होती, तुम्ही ती घेतलीच नाही. वर असंही निघालं की पुढच्या पाण्याचा अंदाज देणारं सोनार यंत्र बंद होतं. २०१७ मध्ये न्यायालयाने मालकांचा दावा फेटाळला आणि उलट सरकारलाच साडेचार लाखांच्या घरात डॉलर द्यायला लावले.

"तुम्ही इंजिनिअर," वकील म्हणाले, "तुमचा निकाल काय?"

मी म्हटलं, सोनार बंद होतं म्हणजे दुरुस्तीची मागणी कुठल्या तरी टेबलावर पडून असणार. त्या टेबलाचं नाव निकालपत्रात येत नाही. माझ्या एका बोटीवर जनरेटरच्या एका सुट्या भागासाठी मी सहा टेलेक्स पाठवले होते. मालक तिघे, प्रत्येकाला वाटे दुसरा पैसे देईल. भाग आला तेव्हा मी उतरून घरी पोचलो होतो. वकील हसले. मला फारसं हसू आलं नाही.

पुढे तिची दुरुस्ती झाली, आणि २०१२ मध्ये तिसरं नाव लागलं, 'सी अ‍ॅडव्हेंचरर'. २०१७ मध्ये चौथं.

आठवा दिवस : डिसेप्शन

आज बेत वेगळा. डिसेप्शन हे बेट म्हणजे बुडालेला ज्वालामुखी. आत गोल बंदर, शिरायला एकच फट. नाव 'नेपच्यूनचा भाता'. फटीच्या मधोमध, पाण्याखाली अडीच मीटरवर, राव्न खडक. त्यामुळे बोट मधून नाही, उजव्या कड्याला जवळजवळ घासून आत शिरते. ब्रिजवर त्या वेळी बाहेरच्यांना मज्जाव. मी डेकवर उभा. कड्यावरची कबुतरासारखी केप पेट्रल पाखरं मोजता येत होती.

आत काळा किनारा. नॉर्वेवाल्यांनी इथे १९१२ ते १९३१ देवमाशांची चरबी कढवली. गंजलेल्या टाक्या अजून उभ्या आहेत. १९६७ आणि १९६९ च्या उद्रेकांनी बाकीचं उधळलं, चिखलाच्या लोंढ्याने कबरस्तानही पुरलं. वाळूत हाताचं बोट खुपसलं तर कोमट लागते, वाफ निघते. तरुण मंडळींनी चड्ड्यांवर समुद्रात उड्या मारल्या, बायकोने टाळ्या वाजवल्या. मी टाक्यांचे रिव्हेट बघत हिंडलो. शंभर वर्षांपूर्वीचे रिव्हेट, एकेक हातोड्याने बसवलेला, दारूखान्यातल्या पोरांनी कौतुक केलं असतं असे.

पण मी इथे वाट बघत होतो ती दुसऱ्या गोष्टीची. नोव्हेंबर २००६ मध्ये याच बेटावर हिची सख्खी बहीण रुतली होती. ल्युबोव ओर्लोवा. स्पॅनिश आरमाराच्या 'लास पाल्मास'ने मदत केली, ती सुटली, स्वतःच्या इंजिनावर उशुआयाला गेली. तेव्हा वाचली.

ओर्लोवा १९७६ ची. हिच्याहून वर्षाने धाकटी. तोच यार्ड, तोच नकाशा, तोच पत्रा. व्लादिवोस्तोककडे होती, मग हिच्यासारखीच डागडुजी होऊन पाश्चात्त्य पर्यटकांना भाड्याने. नाव मात्र कोणी बदललं नाही. सिनेमातली ती हसरी सोनेरी केसांची नटी, तिच्या नावावरच राहिली.

मग २०१० आलं. ऑगस्टच्या अखेरीस तारासोवा, म्हणजे आमची, कॅनडात खडकावर. आणि सप्टेंबरमध्ये, त्याच देशात, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरात, ओर्लोवावर जप्ती. बोटीत बिघाड होऊन एक सफर रद्द झाली होती आणि भाड्याने घेणाऱ्या कंपनीचे अडीच लाख डॉलर मालकांकडे अडकले होते. खलाशांचा पगार पाच महिने थकलेला. एकावन्न माणसं परक्या बंदरात, खिशात दमडी नाही.

माझ्या पहिल्या बोटीचे चीफ गुहागरकडचे होते. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे, त्यांना मी साहेबच म्हणायचो. मी पहिल्याच दिवशी इंजिनाला कान लावून उभा होतो, तर म्हणाले, "मेल्या, इंजिन काय सांगणार तुला? त्या ऑइलरला विचार पगार कधी झाला शेवटचा. बोटीची तब्येत तिथे कळते." तेव्हा मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पुढे कळलं. पगार थांबला की ग्रीस थांबतं, मग फिल्टर, मग पेंट. गंज सगळ्यात शेवटी दिसतो.

ओर्लोवा सेंट जॉन्सला दोन वर्षं बांधून होती. २०१२ च्या फेब्रुवारीत पावणेतीन लाख डॉलरला भंगारात विकली गेली. मुंबईत तेवढ्यात बरा टू-बीएचके येत नाही. २३ जानेवारी २०१३ ला 'शार्लीन हंट' नावाचा टग तिला ओढत डॉमिनिकन रिपब्लिककडे निघाला. उत्तर अटलांटिक, जानेवारी महिना. दुसऱ्याच दिवशी दोर तुटला. तेलविहिरींवर जाऊन आदळेल म्हणून दुसऱ्या एका बोटीने तिला पकडलं, लांब नेलं, आणि मग आंतरराष्ट्रीय पाण्यात ती सुटली ती सुटलीच. आत माणूस नाही, दिवा नाही. नंतर तिच्यावरच्या धोक्याच्या रेडिओचे इशारे आयर्लंडच्या पश्चिमेला सातशे मैलांवरून आले. हा रेडिओ पाण्याने आपोआप चालू होतो, म्हणजे बहुधा तेव्हाच बुडाली. सापडली कधीच नाही. वर्षभराने इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी छापलं की एकमेकांना खाणाऱ्या उंदरांनी भरलेली भुताची बोट किनाऱ्याकडे येतेय. लोकांनी चवीने वाचलं. मला त्या बातम्यांचा राग येतो. उंदरांची चौकशी सगळ्यांनी केली.

दुपारी बेटातून बाहेर पडलो आणि ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनी लागली. याच पाण्यात कुठेतरी 'एक्सप्लोरर' आहे, तळाशी. ती या धंद्याचीच आजी. १९६९ मध्ये लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी खास ध्रुवीय पर्यटनासाठी बांधून घेतलेली, लाल रंगाची. पाचेक मालक झाले, तीन नावं झाली, आणि २३ नोव्हेंबर २००७ ला बर्फाने पोट फाडलं. १५४ माणसं लाइफबोटीत बसली, काही तासांनी 'नॉर्डनॉर्गे' आली आणि सगळीच्या सगळी वाचली. संध्याकाळच्या व्याख्यानात हे सांगितलं तेव्हा सभागृहात शांतता. मग कोणीतरी विचारलं, आपली बोट किती जुनी? मार्गदर्शकाने सांगितलं. शांतता आणखी वाढली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"आणि आत्ता सांगताय?"

नववा दिवस : ड्रेक, आणि खाली

त्याचं प्रायश्चित्त म्हणून मी तिला एक गोष्ट दाखवायचं कबूल केलं, आणि चीफ इंजिनिअरकडे रदबदली केली. प्रवाशांना इंजिनरूममध्ये नेत नाहीत. पण आमच्या जमातीत एक न लिहिलेला नियम आहे. वीस मिनिटं मिळाली. ऐनवेळी बोट हलायला लागली आणि बायको लाडू घेऊन केबिनमध्येच राहिली. मी एकटा उतरलो.

कानावर मफ चढवले, शिडी उतरलो, आणि उशुआयाच्या रात्रीच्या शंकेचं उत्तर समोर होतं. जुनी इंजिनं नव्हतीच. २०१७ मध्ये ती काढून नवी बसवलेली. हे बोलायला सोपं. बोटीचं इंजिन जिन्याने बाहेर येत नाही. कुशीचा पत्रा कापून खिडकी पाडायची, जुनं धूड ओढून काढायचं, नवं आत सरकवायचं, रेषेत आणायचं, शाफ्टशी जुळवायचं, मग पत्रा परत वेल्ड करायचा. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हिच्यावर कोणीतरी एवढा खर्च केला. माझा हात आपोआप पाइपच्या जोडावर गेला. कोरडा. तळाशी, बिल्जमध्ये, तेलाचा तवंग नाही. इंधन हलकं डिझेल, कारण २०११ पासून अंटार्क्टिकाच्या पाण्यात जड तेल न्यायलाच बंदी आहे. आमच्या वेळचं ते डांबरासारखं तेल, ते तापवा, गाळा, त्याचा तो वास, सगळं गेलं. चांगलंच झालं, पण मला तो वास हवा होता हेही खरं.

जुन्याचं काय उरलंय, विचारलं. चीफने बोटाने वर दाखवलं, फ्रेम, पत्रा, शिड्या. तारासोवाच्या रशियन अक्षरांचं काही? तो हसला. रंगाचे इतके थर आहेत, म्हणाला, खाली असेलही.

वर येताना ऑइलर भेटला, मनिलाचा, चिंधीला हात पुसत. मी साहेबांचा प्रश्न विचारला, साहेबांच्याच सुरात.

"महिन्याच्या महिन्याला, सर," तो म्हणाला. "का?"

दहावा दिवस : ड्रेक

लेक. झोप.

अकरावा दिवस : उशुआया

सकाळी साडेसातला धक्का. आठला सगळे खाली. आमच्या केबिनच्या दारावरची नावाची पट्टी निघाली होती, गाद्यांवरच्या चादरी पॅसेजमध्ये ढिगाने. संध्याकाळी नवे सव्वाशे येणार. निरोप देणाऱ्या मार्गदर्शकांच्या ओळीतून बायको सगळ्यांना मिठ्या मारत गेली. चिमटेवाल्या मुलीला तिने उरलेला एक लाडू कागदात बांधून दिला. मी उंबरठा नीट ओलांडला.

धक्क्यावर बोटीच्या कुशीला इंधनाचा टँकर उभा होता. जाड नळी वर गेलेली, जोडाखाली ट्रे ठेवलेला, थेंब पडला तर पडू दे म्हणून. चीफ कागदांच्या गठ्ठ्यावर वाकून आकडे ताडत होता. एक आकडा पेनाने खोडला, ड्रायव्हरशी काहीतरी हुज्जत घातली, ड्रायव्हरने मीटर परत दाखवलं, मग चीफने सही केली आणि हिरवी प्रत स्वतःच्या खिशात घातली.

"अहो, काय बघताय? टॅक्सी उभी आहे."

"बिल भागवतायत."

"कोणाचं?"

"तारासोवाचं," मी म्हटलं, आणि बॅग उचलली.